माघी जत्रेची वाट मार्गशीर्षातच धरावी
मुंबई ते मडगाव : कुलदैवताच्या दर्शनाचा किनाऱ्यालगतचा आगगाडीचा प्रवास आणि त्याची पूर्वतयारी

त्रिपुरी पौर्णिमेच्या सायंकाळी देवळादेवळांतून दीपमाळा उजळतात, तुळशीची लग्ने आटोपतात आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात कुलदैवताची आठवण जागी होते. मंगेशी, कवळे, म्हार्दोळ, जांबावली ही नावे मुंबई-पुण्याच्या, ठाणे-डोंबिवलीच्या कितीतरी घरांत नित्य देवपूजेच्या वेळी उच्चारली जातात. लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेवर ती पहिल्या ओळीत येतात. नव्या सुनेची ओटी तेथे भरायची असते, नातवाच्या मुंजीनंतर त्याला तेथे पायावर घालायचे असते, आजारपणात बोललेला नवस तेथे फेडायचा असतो. आणि तरीही या दर्शनाचे ‘पुढच्या वर्षी नक्की’ असे वायदे वर्षानुवर्षे लांबत जातात.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. आमच्या आत्याबाईंनी भावाच्या दुखण्यात मंगेशाला लघुरुद्र बोलला होता. भाऊ बरा झाला, त्यालाही अनेक वर्षे लोटली. लघुरुद्र मात्र राहून गेला. आत्याबाईंनी ऐंशी ओलांडली त्या वर्षी आम्ही मनावर घेतले. पण घेतले केव्हा, तर माघ लागल्यावर! तिकिटे मिळाली ती प्रतीक्षायादीतील. आज सरकतील, उद्या सरकतील, या आशेवर राहिलो. आदल्या रात्री अंतिम यादी लागली, तेव्हा सहांपैकी दोघांनाच जागा मिळाली होती. बांधलेले सामान सोडताना आत्याबाई एवढेच म्हणाल्या, “यंदा देवाने बोलावले नाही रे.” ते शब्द आजही जिव्हारी लागतात. कारण देवाने बोलावले नव्हते असे मुळीच नाही. आम्ही उठायला उशीर केला होता. हा लेख त्या उशिराचे प्रायश्चित्त समजावा.

जिथे देव नदीपार गेले

हा प्रवास केवळ रम्य आहे म्हणून करावा असे नव्हे. त्याच्या मार्गाशी आपल्या दैवतांचा इतिहास जोडलेला आहे. करमळी स्थानक सोडून गाडी दक्षिणेकडे निघाली, की काही मिनिटांत जुवारी नदीचे विस्तीर्ण पात्र येते. आपल्या जुन्या ग्रंथकारांनी जिला अघनाशिनी म्हटले, तीच ही नदी. एक किलोमीटरहून अधिक लांबीचा पूल ओलांडून गाडी दक्षिण तीरावर पोहोचते, तो काठ कुठ्ठाळीचा, म्हणजेच प्राचीन कुशस्थळीचा. श्रीमंगेशाचे मूळ स्थान हेच.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने तिसवाडी, साष्टी आणि बारदेश या भागांतील देवालये मोडावयास आरंभ केला, तेव्हा इ. स. १५६० मध्ये भक्तांनी आपला देव पालखीत घेतला आणि नदी ओलांडून त्या सत्तेबाहेरच्या अंत्रुज महालातील प्रियोळ गावी नेला. आजचे मंगेशी ते हेच. कुठ्ठाळीच्या शेजारच्या केळशीहून श्रीशांतादुर्गा कवळ्याला गेली. गाडी ज्या वेर्णे स्थानकावरून पुढे जाते, त्या वेर्ण्याहून श्रीम्हाळसा म्हार्दोळला गेली. आणि ज्या मडगावात आपला प्रवास संपतो, तेथील श्रीदामोदर जांबावलीला गेला. घरदार, शेतीवाडी मागे टाकून माणसांनी प्रथम देव वाचवले.

पुढे मराठ्यांच्या उत्कर्षकाळात या स्थानांना पुन्हा वैभव आले. १७३९ साली पेशव्यांनी रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या सूचनेवरून मंगेशी गाव देवस्थानास इनाम दिला. कवळ्याचे आजचे देवालयही अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातले असून, त्यामागे शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांची खटपट होती.

आगगाडीच्या खिडकीतून कुठ्ठाळी, केळशीचा परिसर, वेर्णे आणि मडगाव हा सारा प्रदेश अर्ध्या तासाच्या आत डोळ्यांपुढून सरकतो. ज्या नदीतून आपल्या पूर्वजांनी रात्रीच्या अंधारात देवाला पार नेले, ती आपण पंख्याखाली बसून ओलांडतो, याची जाणीव घरातल्या मुलांना करून द्यावी. पूल येण्यापूर्वी मोबाइल बाजूला ठेवावयास सांगून त्यांना ही हकिकत ऐकवावी.

मार्ग कसा झाला

पूर्वी ही यात्रा म्हणजे मोठे दिव्य असे. भाऊच्या धक्क्यावरून आगबोट, नाहीतर घाटातून वळणे घेत जाणारी एस. टी., किंवा मिरज-लोंढ्याकडून मोठा वळसा घालून येणारी आगगाडी. कोकणातून आगगाडी जावी यासाठी बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते या राजापूर मतदारसंघाच्या खासदारांनी संसदेत सातत्याने आग्रह धरला. १९९० साली जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन त्याचे पहिले प्रमुख. रोह्यापासून मंगळूरनजीकच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरांचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णपणे वाहतुकीस खुला झाला. नव्वदहून अधिक बोगदे आणि लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल, असे हे काम आहे.

‘किनाऱ्याची रेल्वे’ म्हणताच डब्यात बसून समुद्र पाहावयाचा, अशी ज्यांची कल्पना असेल त्यांनी ती सोडून द्यावी. महाराष्ट्रात हा मार्ग सागर आणि सह्याद्री यांच्या मधल्या पट्ट्यातून जातो. समुद्र जवळ असूनही डोंगराआड राहतो. दिसतात त्या समुद्राला भेटावयास निघालेल्या नद्या. महाडजवळ सावित्री, खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी. उक्षी आणि भोके यांच्या दरम्यान करबुड्याचा साडेसहा किलोमीटर लांबीचा बोगदा लागतो. रत्नागिरी सुटल्यावर पानवळ नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल येतो. त्याचे खांब इतके उंच, की खाली पाहताना नारळी-पोफळीची झाडे हिरव्या ठिपक्यांसारखी भासतात. पुढे राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी करीत गाडी पेडण्याला गोव्यात शिरते. दक्षिणेकडे जाताना पश्चिमेची, म्हणजे उजव्या हाताची खिडकी सकाळच्या वेळी सुखाची. ऊन डाव्या बाजूने येते. माघात शेते कापलेली असतात, आंब्याला मोहोर असतो आणि हवा निवळ असते. पावसाळ्यातील धबधबे तेव्हा नसतात. त्यांचे सौंदर्य वेगळे आणि त्या काळातील गाड्यांचे वेळापत्रकही वेगळे. २००३ साली वैभववाडीजवळ आणि २००४ साली करंजाडीजवळ झालेल्या भीषण अपघातांपासून धडा घेऊन पावसाच्या महिन्यांत या मार्गावर गाड्यांचा वेग कमी ठेवला जातो. त्यामुळे श्रावणात वा चतुर्थीला जाणाऱ्यांनी पावसाळी वेळापत्रक वेगळे पाहावे.

साठ दिवसांचे गणित पंचांगातून

आता मुख्य मुद्दा. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण प्रवासाच्या १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी उघडते. प्रवासाचा दिवस त्यात धरत नाहीत. आपल्या घरांत दिनदर्शिकेपेक्षा तिथी अधिक लक्षात राहते, म्हणून एक सोपी खूण सांगतो. दोन चांद्रमास म्हणजे सुमारे ५९ दिवस. तेव्हा ज्या तिथीला निघावयाचे, तिच्या बरोबर दोन महिने आधीची तीच तिथी पाहावी. तिच्या आदल्या दिवशी आरक्षण उघडते. उदाहरणार्थ, २०२६ ची माघी पौर्णिमा १ फेब्रुवारीची. तिच्या ६० दिवस आधीचा दिवस म्हणजे ३ डिसेंबर २०२५. आणि दत्तजयंती होती ४ डिसेंबरला.

मंगेशीची जत्रा माघी पौर्णिमेची. पौर्णिमेला तेथे असावयाचे तर दोन दिवस आधी निघावे. त्या गाडीचे आरक्षण गीताजयंतीच्या सुमारास उघडते. कवळ्याची जत्रा माघ शुद्ध पंचमीची. तिच्यासाठी तृतीया-चतुर्थीला निघणाऱ्यांचे आरक्षण मार्गशीर्ष लागताच, खंडोबाचे षड्रात्र बसल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत उघडते. याचा अर्थ असा, की आज त्रिपुरी पौर्णिमेला हा मजकूर वाचणाऱ्यांच्या हाती जेमतेम पंधरा दिवस उरले आहेत. गणेशचतुर्थीलाही हीच खूण लागू पडते : चतुर्थीच्या दोन दिवस आधी गावी निघणाऱ्याने आषाढ लागताच जागे व्हावे. २०२५ ची चतुर्थी २७ ऑगस्टची. २५ ऑगस्टच्या गाडीचे आरक्षण २६ जूनला, आषाढाच्या आरंभीच उघडले होते.

या खुणेला दोन अपवाद ध्यानात ठेवावेत. मध्ये अधिक मास आला, तर हिशेब महिन्याने चुकतो. २०२३ च्या अधिक श्रावणासारख्या वर्षी तो धरू नये. आणि तिथीची वृद्धी वा क्षय झाल्यास दिवस एखाद्याने मागेपुढे होतो. म्हणून पंचांगाने सावध व्हावे आणि दिनदर्शिकेवर बोटे मोजून दिवस नक्की करावा.

आरक्षणाच्या दिवशी

आरक्षण सकाळी आठ वाजता उघडते. जत्रेच्या वा चतुर्थीच्या दिवसांत पहिल्या काही मिनिटांतच जागा संपतात. तेव्हा स्नान-पूजा आटोपून आठाच्या आधी तयार राहावे. खिडकीवर जाणाऱ्यांनी आरक्षणाचा अर्ज आदल्या दिवशीच भरून ठेवावा. एका अर्जावर सहाच प्रवाशांची नावे बसतात, याची आठ-दहा माणसांच्या कुटुंबाने नोंद घ्यावी. घरबसल्या तिकीट काढणाऱ्यांनी आपल्या आयआरसीटीसी खात्याची आधार-पडताळणी आधीच करून घ्यावी. १ ऑक्टोबर २०२५ पासून आरक्षण उघडल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात पडताळणी झालेल्या खात्यावरूनच तिकीट मिळते. तत्काळ तिकिटांसाठी ही अट जुलै २०२५ पासूनच आहे. सर्वांची नावे आणि वये कागदावर लिहून समोर ठेवावीत. ऐन वेळी ‘काकूंचे वय किती?’ अशी विचारणा सुरू झाली, की गाडी भरलीच म्हणून समजा.

ज्येष्ठांचे वय अचूक लिहिण्यास आणखी एक कारण आहे. साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी खालच्या शायिकांचा काही वाटा राखून ठेवलेला असतो. मोठ्या जमावात सर्वांची नावे एकाच तिकिटावर घातली, तर हा लाभ हुकू शकतो. म्हणून आजी-आजोबांचे तिकीट वेगळे काढण्याचा विचार करावा. ज्येष्ठांना भाड्यात मिळणारी सवलत मात्र मार्च २०२० मध्ये थांबली; तिच्या भरवशावर खर्चाचा अंदाज बांधू नये.

तारखेची एक चूक वारंवार होते. रात्री अकरानंतर मुंबईहून सुटणारी कोकणकन्या पनवेलला पोहोचते तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असते. पनवेलहून चढणाऱ्याची तारीख त्यामुळे बदलते. पण आरक्षणाचे साठ दिवस मोजले जातात ते गाडी जेथून सुटते तेथल्या तारखेपासून. हा फरक न कळल्यामुळे एक दिवस उशिरा स्थानकावर जाऊन उभी राहिलेली कुटुंबे आम्ही पाहिली आहेत.

प्रतीक्षायादीचे तिकीट घेऊन आरक्षित डब्यात चढता येत नाही, हे स्पष्ट समजून असावे. ‘आरएसी’ असेल तर निदान बसावयास जागा मिळते. निव्वळ प्रतीक्षायादीवर वृद्धांना घेऊन निघण्याचा बेत आखू नये. तत्काळ आरक्षण आदल्या दिवशी उघडते : वातानुकूलित वर्गाचे सकाळी दहाला, इतर वर्गांचे अकराला. तो शेवटचा उपाय, योजना नव्हे. आणि परतीचे तिकीट! ते त्याच दिवशी मिळत नाही. परतीच्या तारखेपासून वेगळे साठ दिवस मोजावे लागतात. जाण्याची तिकिटे पेटीत ठेवून परतीची आठवण विसरणारे थोडेथोडके नाहीत.

येथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. खबरदारी म्हणून दोन-तीन गाड्यांची तिकिटे एकदम काढावयाची आणि आयत्या वेळी नको ती रद्द करावयाची, अशी रीत काही घरांत पडली आहे. आपण अडवून ठेवलेली जागा कुणाच्या तरी आत्याबाईंची असते. देवाकडे जाण्यासाठी दुसऱ्या भक्ताची वाट अडवणे, हे कोणत्याही शास्त्रात बसत नाही.

गाडी कोणती निवडावी

पहाटे सुटणाऱ्या गाड्यांत जनशताब्दी, तेजस आणि २७ जून २०२३ रोजी सुरू झालेली वंदे भारत या येतात. त्या दुपारपर्यंत मडगावला पोहोचवतात; सारा मार्ग उजेडात दिसतो. जनशताब्दी आणि तेजसला काचेच्या छताचा विस्टाडोम डबाही असतो. पण भल्या पहाटे स्थानक गाठावे लागते. दूर उपनगरात राहणाऱ्या वृद्धांना ते जड जाते. त्यांनी दादर, ठाणे वा पनवेल यांपैकी जवळचे स्थानक तिकीट काढतानाच निवडावे. मांडवी एक्सप्रेस सकाळी निघते आणि दिवसभर निवांत चालते. रात्रीच्या कोकणकन्येने गेल्यास रत्नागिरीचा पूल अंधारात जातो, परंतु सिंधुदुर्ग आणि गोवा सकाळच्या उन्हात दिसतात. वेळा बदलत असतात. निघण्यापूर्वी वेळापत्रक पुन्हा पाहावे.

उतरण्याचे स्थानकही विचारपूर्वक ठरवावे. मंगेशी आणि म्हार्दोळला प्रथम जावयाचे, तर करमळी अधिक जवळ; मात्र आपली गाडी तेथे थांबते ना, हे पाहून घ्यावे. कवळे, जांबावली यांसाठी मडगाव सोयीचे. मडगावहून फोंड्याकडे कदंब महामंडळाच्या बसगाड्या आहेत. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे, त्यांच्यासाठी स्थानकावर चाकांच्या खुर्चीची विचारणा आधीच करावी.

देवस्थानच्या अग्रशाळेतील खोली आणि अभिषेक, लघुरुद्र वा ओटी यांची व्यवस्था ही तिकिटापाठोपाठ लगेच देवस्थानच्या कार्यालयाशी बोलून करावी. मध्यस्थाला पैसे देऊन दर्शनाची वा खोलीची ‘सोय’ लावू नये. जत्रेच्या दिवसांत अग्रशाळा भरलेल्या असतात. गर्दी न सोसणाऱ्यांनी जत्रेनंतरच्या एखाद्या सोमवारी मंगेशीला जावे. सोमवारी तेथे पालखी निघते, आणि दर्शनही शांतपणे घडते.

हाताशी आणखी तीन-चार दिवस असतील, तर हाच मार्ग पुढे कर्नाटकाच्या किनाऱ्याने नेतो. गोकर्ण रोडला उतरून महाबळेश्वराचे दर्शन घ्यावे. होन्नावरजवळ शरावतीवरचा दोन किलोमीटर लांबीचा पूल ओलांडून मुरुडेश्वर, बैंदूरहून कोल्लूरची मूकांबिका आणि शेवटी उडुपीचा श्रीकृष्ण. एका रुळाच्या कडेने गुंफलेली ही तीर्थमालाच आहे. पण प्रथम कुलदैवत. ते राहिले असेल तर बाकीचे मागाहून.

पुढल्या वर्षी

आत्याबाईंची हकिकत अपुरी राहिली. पुढल्या वर्षी मार्गशीर्ष लागण्यापूर्वीच आम्ही दिवस मोजून ठेवला. ठरल्या सकाळी आठाच्या ठोक्याला तिकिटे काढली, आणि ती निश्चित झाल्याचे पाहिल्यावर प्रथम देवापुढे साखर ठेवली. माघात गाडी जुवारीच्या पुलावर आली, तेव्हा आत्याबाईंना खिडकीशी बसवले होते. मी म्हटले, “आत्या, हीच ती नदी. इथूनच देव पलीकडे गेला.” त्यांनी पदर सावरला आणि पूल संपेपर्यंत हात जोडून ठेवले. कुठ्ठाळीचा काठ आला तेव्हा म्हणाल्या, “त्याला एवढे दूर जावे लागले, आणि मी आगगाडीत बसायला इतकी वर्षे लावली.”

दुसऱ्या दिवशी मंगेशीला लघुरुद्र झाला. सात मजली दीपस्तंभाच्या सावलीत त्या बराच वेळ बसून होत्या. घरी परतल्यावर त्यांनी कुलदैवताच्या दर्शनाचे नाव पुन्हा काढले नाही; काढण्याचे कारणच उरले नव्हते. त्यानंतरचा माघ त्यांनी पाहिला नाही.

वाचकहो, घराघरांतून अशा आत्याबाई, आजोबा, मावशी आहेत. त्या मागत काही नाहीत. दीपमाळेकडे पाहत एखादा उसासा टाकतात इतकेच. आजच्या पौर्णिमेला दिवे लावून झाले, की पंचांग आणि दिनदर्शिका घेऊन त्यांच्याजवळ बसावे, कोणता नवस राहिला आहे ते विचारावे आणि साठ दिवसांचा तो दिवस लाल शाईने खूण करून ठेवावा.